अनुदान आटले तरी तास आटू नये

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात जिंतूर येथे झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते माध्यमिक शाळेत शिक्षक असून बी.ए., बी.एड. आहेत.)



सरकारी पैसा कमी होत असताना महाविद्यालयात आणि विद्यापीठात शिकवण्याचा दर्जा कसा टिकवावा, असा विषय मला देण्यात आला आहे. शाळेच्या मास्तराने विद्यापीठाच्या कारभारावर का बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. त्याचे उत्तर सोपे आहे. आमच्या शाळेतला मुलगा दहावी-बारावी होतो, महाविद्यालयात जातो, पदवी घेतो, बी.एड. करतो आणि पुन्हा शाळेतच शिक्षक म्हणून उभा राहतो. त्याला महाविद्यालयात गणित नीट शिकवले गेले नाही, तर आठ-दहा वर्षांनी आपल्याच पाचवीच्या लेकरांना अपूर्णांक नीट समजत नाहीत. वरच्या टाकीत पाणी गढूळ झाले की खालच्या नळालाही गढूळच येणार. म्हणून हा विषय शाळामास्तराचा आहे आणि तितकाच पालकांचाही आहे.

कपात कोठे दडलेली असते?

मित्रहो, कपात म्हटले की एखादा हुकूम निघाला आणि पैसे बंद झाले असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात ती गुपचूप येते. अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदांचा पगार सरकार देते. एखादे प्राध्यापक निवृत्त होतात. त्यांचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ होते, आणि त्यांची खुर्ची रिकामी राहते. ती भरायची तर सरकारचे ना हरकत प्रमाणपत्र लागते. ते येईपर्यंत त्या जागी तासिका तत्त्वावर, म्हणजे आपण ज्यांना सी.एच.बी.चे सर म्हणतो, असा तरुण नेमला जातो. तो नेट-सेट झालेला असतो, कित्येकदा पीएच.डी. असतो. परंतु जितके तास घेतले तितकेच पैसे, सुट्टीचा पगार नाही, आणि पुढच्या वर्षी नेमणूक मिळेलच याची हमी नाही. अशा माणसाने दुपारी तास संपल्यावर मुलांच्या वह्या तपासत बसावे, ग्रंथालयात त्यांच्यासाठी पुस्तके शोधावीत, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करणार? तास संपला की त्याला दुसरी शिकवणी किंवा दुकान गाठावे लागते.

आकड्यांत सांगायचे तर २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अशासकीय अनुदानित महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापकांची ३,५८० पदे भरण्यास मान्यता दिली. त्यांतील १,४९२ पदे भरली गेली. तोच करोनाची साथ आली आणि ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या निर्णयाने नव्या नोकरभरतीवर बंदी आली. अर्थसंकल्पात मंजूर झालेल्या निधीपैकी फक्त ३३ टक्केच त्या वर्षी मिळेल असेही ठरले. उरलेल्या २,०८८ पदांना पुन्हा मान्यता मिळायला नोव्हेंबर २०२१ उजाडले. म्हणजे मान्यता २०१८ ची, आणि निम्म्याहून अधिक पदांची वाट तीन वर्षांनंतरही पाहणे चालूच. मधल्या काळात ज्या मुलांनी पदवीची तीन वर्षे काढली, त्यांना ती वर्षे कोण परत देणार?

दुसरा मार्ग विनाअनुदानाचा. २००१ पासून नवी महाविद्यालये 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर मंजूर होऊ लागली. तेथे शिक्षकाचा पगार मुलांच्या फीमधून. फी कमी ठेवली तर शिक्षक टिकत नाही, फी वाढवली तर गरिबाचे मूल टिकत नाही. त्यात २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी पदवी रचना आली. विषय वाढले, निवडीचे पर्याय वाढले. चांगली गोष्ट आहे. पण पर्याय कागदावर वाढले आणि शिकवणारे तेवढेच राहिले, तर मुलाने निवडायचे कशातून? हेच धोरण शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा असे म्हणते. कोठारी आयोगाने हीच गोष्ट १९६६ साली सांगितली होती. तेव्हाच्या विद्यार्थ्यांची नातवंडे आज पदवीधर झाली, तरी आपण त्या सहा टक्क्यांची वाटच पाहत आहोत.

आपल्या घरापर्यंत येणारी झळ

या सगळ्याची झळ पालकांना कशी लागते ते मी रोज पाहतो. मागे एका भाईंनी मला रस्त्यात थांबवून विचारले, "मास्तरसाब, पोरगी सकाळी जाते, दोन तास ऑफ म्हणून बसून राहते, दुपारी परत येते. मग कॉलेजात पाठवायचे तरी कशाला? घरी बसून परीक्षा देईल." मी त्यांना काय सांगितले ते पुढे येईलच. पण त्या प्रश्नात सगळे काही आले. तास रिकामा गेला की मुलगा गावात फिरू लागतो, आणि मुलीचे तर शिक्षणच थांबते. मुलाला घराबाहेर काढायला कारण लागत नाही, मुलीला लागते. आणि ते कारण म्हणजे वर्गात होणारा तास. तो तास गेला की बाप म्हणतो, "बस झाले." म्हणून तासिकेची कपात सर्वांत आधी आपल्या मुलींना कापते, हे आपण नीट लक्षात घेतले पाहिजे.

पूर्वीच्यांनी काय केले?

परंतु पैशाची टंचाई आजची नाही. आपला जिंतूर तालुका १९४८ पर्यंत हैद्राबाद संस्थानात होता. १९१८ साली हैद्राबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले, उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग होता. पण परभणी जिल्ह्याच्या मुलाला तेथपर्यंत पोहोचणे म्हणजे परदेशी जाण्यासारखेच. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केले, त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. १९६३ साली डॉ. रफिक झकेरियांनी औरंगाबादेत मौलाना आझाद महाविद्यालय उभे केले. आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झाले, ज्याच्या कक्षेत आपला परभणी जिल्हा येतो. ही सगळी झाडे काही भरल्या तिजोरीच्या सावलीत लावलेली नव्हती. मराठवाडा तेव्हाही गरीबच होता.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचेच उदाहरण घ्या. नरहर कुरुंदकर आपल्या जुन्या परभणी जिल्ह्यातल्या नांदापूरचे. ते आधी शाळेत शिक्षक होते, पुढे पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. १९८२ साली ते गेले, पण त्यांचे विद्यार्थी आजही त्यांच्या वर्गातल्या चर्चा सांगतात. त्यांच्या काळी पडद्यावर दाखवायची यंत्रे नव्हती, संगणक नव्हते. खडू, फळा, पुस्तके आणि भरपूर वाचलेला एक माणूस, एवढ्यावर तो वर्ग भरत होता.

दुसरे उदाहरण साताऱ्याचे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत. मुलांना अन्न कमी पडले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. १९४७ साली त्यांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय काढले; 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर मुले शेतात राबत आणि वर्गात शिकत. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, सरकारने संस्थेचे अनुदान बंद केले. कपातीची याहून मोठी कसोटी कोणती? पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. पण मधल्या काळात संस्था तगली ती लोकांच्या मूठ-मूठ धान्यावर आणि कमी पैशांत राबणाऱ्या शिक्षकांवर. या गोष्टीतून एक चुकीचा अर्थ मात्र काढू नये. शिक्षकांनी उपाशी राहून शिकवावे असा तिचा अर्थ नाही. लोकांनी शाळा आपली मानली, म्हणून ती सरकारच्या एका निर्णयाने मोडली नाही, हा तिचा अर्थ आहे.

बाहेरच्या जगातही असे प्रसंग आले. १९८१ साली इंग्लंडमध्ये विद्यापीठांच्या अनुदानात कपात झाली तेव्हा सॅल्फर्ड विद्यापीठाचे अनुदान सुमारे ४४ टक्क्यांनी कापले गेले. त्या विद्यापीठाने कारखान्यांशी करार केले, त्यांची कामे घेतली आणि स्वतःला सावरले. आपल्याकडे १९९३ च्या पुन्नय्या समितीनेही विद्यापीठांनी पाच वर्षांत १५ टक्के आणि दहा वर्षांत किमान २५ टक्के आवर्ती खर्च स्वतः उभा करावा, असे सुचवले होते. ऐकायला ठीक आहे. पण सॅल्फर्डच्या आजूबाजूला मँचेस्टरचे कारखाने होते. जिंतूरच्या महाविद्यालयाने करार कोणाशी करायचा? येथे कापूस आणि सोयाबीन पिकवणारा शेतकरी आहे, किरकोळ दुकानदार आहे, गवंडी आहे, हमाल आहे. मोठ्या शहराला जे औषध लागू पडते ते तालुक्याच्या गावाला लागू पडतेच असे नाही. म्हणून सरकारने हात झटकावेत आणि संस्थांनी पैसा उभा करावा, या विचाराला मी तरी मान डोलावणार नाही. तालुक्याच्या गावात उच्च शिक्षण टिकायचे तर सरकारी अनुदान लागणारच, आणि ते मागण्याचा आपला हक्क आपण सोडता कामा नये.

येलदरीचा धडा

पण मागणी करीत असताना आजचे वर्ष तर काढायचे आहे. त्यासाठी आपल्याला फार लांब जाण्याची गरज नाही. पूर्णा नदीवरचे येलदरी धरण आपल्याच तालुक्यात आहे. ज्या वर्षी पाऊस दगा देतो आणि धरणात साठा कमी राहतो, त्या वर्षी काय करतात? सगळ्यांना थोडे थोडे पाणी वाटून टाकीत नाहीत. आधी पिण्याचे पाणी राखून ठेवतात. मग उरलेल्यातून पिकांना पाळी किती द्यायची ते ठरते. शिक्षणातही टंचाईच्या वर्षी पिण्याचे पाणी कोणते, हे आधी ठरवले पाहिजे. माझ्या मते ते तीन गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट वर्गातला तास. रंगरंगोटी, कमान, संमेलनाचा मंडप, पाहुण्यांचे हार, हे सगळे थांबले तरी चालेल, पण वेळापत्रकातला तास रिकामा जाता कामा नये. पूर्णवेळ शिक्षक नसेल तर तासिकेचा शिक्षक जूनमध्येच नेमावा. दिवाळी तोंडावर आल्यावर नेमून अभ्यासक्रम पळवण्यात अर्थ नाही. आणि त्याचे मानधन वेळेवर द्यावे. ज्या शिक्षकाला महिनोन् महिने पैसे मिळत नाहीत त्याच्याकडून दर्जाची गोष्ट करणे शोभत नाही.

दुसरी गोष्ट हाताने करायचे काम. विज्ञानाच्या मुलाने परीक्षानळी स्वतः धरली पाहिजे, टायट्रेशन स्वतः केले पाहिजे. सरांनी टेबलावर एकदा करून दाखवले आणि चाळीस मुलांनी वहीत आकडे उतरवले, तर तो प्रयोग झाला नाही, ती नक्कल झाली. रसायने महाग असतील तर कमी प्रमाणात घ्यावीत, जवळच्या दोन महाविद्यालयांनी एक महागडे यंत्र मिळून वापरावे, तुकड्या लहान करून पाळीपाळीने मुलांना प्रयोगशाळेत न्यावे. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे; तेथील प्रयोगशाळा आणि शेतावरचे प्रयोग आपल्या मुलांना वर्षातून एकदोन वेळा दाखवणे अवघड नाही.

तिसरी गोष्ट लिहिणे आणि ते तपासून मिळणे. शंभर मुलांच्या वर्गात प्रत्येकाला प्रश्न विचारता येत नाही, पण पंधरा दिवसांतून एकदा एक पान लिहून घेता येते. सगळी पाने एका दिवशी तपासून होत नसतील तर पाळी लावावी, पंचवीस या आठवड्याला, पंचवीस पुढच्या. लाल शाईची एक ओळ मुलाला जे शिकवते ते छापील गाइड कधीच शिकवत नाही. यासाठी अनुदान लागत नाही, वेळ लागतो. आणि म्हणूनच पूर्णवेळ शिक्षक लागतो.

कोणी म्हणतील, आता मोबाईलवर सगळे व्याख्यान मिळते. खरे आहे. स्वयम् सारख्या व्यासपीठावर नामवंत प्राध्यापकांचे अभ्यासक्रम फुकट आहेत, मराठी विश्वकोश संगणकावर उघडून वाचता येतो. मुलांनी त्याचा उपयोग जरूर करावा. पण २०२० आणि २०२१ या वर्षांनी आपल्याला शिकवले की पडदा हा शिक्षकाच्या मदतीला येतो, शिक्षकाच्या जागी येत नाही. घरात एकच मोबाईल आणि तोही अब्बांच्या खिशात, अशी कित्येक घरे होती. त्या घरांतली मुले किती मागे पडली ते आम्ही शाळेत पाहिले आहे.

स्वतःचे महाविद्यालय काढावे काय?

आता एका नाजूक गोष्टीकडे येतो. आपल्या संस्थेने स्वतःचे वरिष्ठ महाविद्यालय काढावे, अशी चर्चा आपल्यात सुरू आहे. ही इच्छा करणाऱ्यांच्या हेतूबद्दल मला आदर आहे. आपल्या मुलींना जवळ, ओळखीच्या वातावरणात शिकता यावे, ही त्यामागची कळकळ खरी आहे. सर सय्यद अहमद खानांनी १८७५ साली अलीगढला लहानशी शाळा काढली आणि १९२० साली तिचे विद्यापीठ झाले, हा दाखलाही आपल्यासमोर आहे. पण त्याच दाखल्याचा दुसरा भाग आपण विसरतो. सर सय्यदांनी वर्गणीसाठी दारोदार हात पसरले ते केवळ इमारतीसाठी नव्हे. थॉमस अर्नोल्डसारखे विद्वान शिक्षक त्यांनी अलीगढला आणले आणि टिकवले. त्यांची किंमत मोजल्याशिवाय अलीगढ उभे राहिले नसते.

म्हणून मी नम्रपणे असे सुचवतो की, विनाअनुदानित महाविद्यालयाची घाई आपण करू नये. भिंती उभ्या करणे सोपे असते. लोक विटा देतील, सिमेंट देतील, कोनशिलेवर नावेही येतील. पण दर महिन्याच्या सात तारखेला दहा-बारा प्राध्यापकांचा पगार कोण देणार? किमान पाच वर्षांच्या पगाराची तजवीज हातात नसताना महाविद्यालय काढणे म्हणजे आपल्याच मुलांना अर्धवट शिक्षणाचे प्रमाणपत्र वाटणे होय. त्यापेक्षा तोच पैसा आज तीन कामांना लावावा. एक, रात्री अकरापर्यंत उघडी राहणारी अभ्यासिका, आणि मुलींसाठी दिवसाची वेगळी वेळ. दोन, पुस्तकपेढी, ज्यातून पदवीच्या मुलाला वर्षभरासाठी क्रमिक पुस्तके मिळतील आणि वर्ष संपल्यावर तो ती परत करील. तीन, रविवारचे वर्ग. आपल्या गावात निवृत्त शिक्षक आहेत, बँकेतून निवृत्त झालेले आहेत, सी.एच.बी.वर राबणारे तरुण आहेत. त्यांना रीतसर मानधन देऊन इंग्रजी, गणित आणि लेखाशास्त्राचे वर्ग चालवावेत. यातून गावात असलेल्या महाविद्यालयालाच बळ मिळेल, आणि उद्या पैसा उभा राहिला तर आपल्या महाविद्यालयाचा पायाही तयार असेल.

पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी काय करावे?

पालक बंधूंनो, आपण महाविद्यालयात फक्त प्रवेशाच्या दिवशी आणि निकालाच्या दिवशी जातो. मधेही जावे. प्राचार्यांना आदराने विचारावे, माझ्या मुलीच्या वर्गाला अर्थशास्त्राचे सर नेमले का, जागा रिकामी असेल तर ती कधीपासून, आणि प्रस्ताव कोठे अडला आहे. दहा पालकांच्या सह्यांचे निवेदन प्राचार्यांच्या हाती एक बळ देते. तेच निवेदन ते वर पाठवू शकतात. आमदारांकडे आपण रस्ता मागतो, नाली मागतो. एखादे वर्ष रिकाम्या जागा भरून मागाव्यात.

शिष्यवृत्तीचे चित्रही बदलले आहे, ते नीट समजून घ्या. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२ साली बंद झाली. संशोधन करणाऱ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही २०२२ अखेर बंद करण्यात आली. तेव्हा जुन्या भरवशावर राहू नये. दुसरीकडे, महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आणि इतर मागास, आर्थिक दुर्बल किंवा सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या इतर मागास प्रवर्गात येतात. पण जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढलेला नसतो, आणि हक्काचा पैसा हातचा जातो. बारावीचा निकाल लागल्यावर तहसीलला धावू नका, अकरावीतच कागद तयार ठेवा. २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट झाले आहे, त्यामुळे परभणीला शिकायला जाणाऱ्या मुलीबरोबर अम्मीला जायचे झाले तरी खर्च पूर्वीइतका जड नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तास ऑफ आहे म्हणून घरी पळू नका. पाच जणांनी मिळून त्या तासाला पुस्तक उघडा, एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी प्रश्न काढावेत. आणि सी.एच.बी.चे सर म्हणून कोणाला कमी लेखू नका. ज्याला पूर्ण पगार नाही तोही तुमच्यासाठी रात्री वाचून येतो, त्याचा मान इतरांपेक्षा एक बोट जास्तच आहे.

त्या भाईंना मी एवढेच म्हणालो होतो, "मुलीला काढू नका. दोन तास बुडतात, पण दोन तास तर होतात. ते दोन तास घरी होणार नाहीत. आणि बुडालेल्या दोन तासांसाठी आपण चौघे मिळून प्राचार्यांकडे जाऊ." मुलगी आज शेवटच्या वर्षाला आहे.

दुष्काळात शेतकरी एक वेळ बैल विकतो, पण बियाणे खात नाही. शिक्षण हे आपले बियाणे आहे. ते या वर्षी खाल्ले तर पुढच्या पावसाचा उपयोग काय?